पहिलीचे आठवडे

(मंडळाच्या वर्धापनदिनी भरलेल्या सभेत एका निवृत्त शिक्षिकेने केलेले भाषण)



चिटणीसबाई निमंत्रण घेऊन आल्या तेव्हा म्हणाल्या, "बाई, मुलांच्या शिक्षणावर काहीतरी बोला." विषय फार मोठा. त्यावर बोलायला विद्वान माणसे पाहिजेत. माझी सारी नोकरी पालिकेच्या शाळांत गेली आणि त्यातली बहुतेक वर्षे पहिलीच्या वर्गावर. तेव्हा मी आपली माझ्या पोचेपुरती, पहिलीच्या वर्गाबद्दलच बोलणार आहे.

या मानखुर्दात मी एक वाक्य इतक्या वेळा ऐकले आहे की ते मला पाठ झाले आहे. जुलैमध्ये एखादे मूल आठ-दहा दिवस दिसले नाही म्हणून घरी चौकशी करावी, तर आई हसून म्हणते, "बाई, पहिलीच तर आहे! चार दिवस गेला नाही तर काय बिघडतंय?" यात त्या माउलीचा दोष नाही. कोणाचे दीर-जावेकडे लग्न असते, कोणाला गौरीगणपतीला कोकणात जायचे असते, कोणाच्या घरात पाणी शिरलेले असते. चौथीच्या, सातवीच्या मुलाची शाळा बुडाली तर घरात काळजी वाटते. पहिलीच्या मुलाची बुडाली तर वाटत नाही. वस्तुस्थिती मात्र नेमकी उलटी आहे. ती कशी, हे मी आज सांगणार आहे.

वर्ग दुरून पाहिला तर वाटते, मुले गाणी म्हणतात, पाटीवर गिरगटतात, खिचडी खाऊन घरी येतात. आठवड्याआठवड्याने पाहिले म्हणजे कळते की तिथे केवढे बांधकाम चालू असते.

जूनच्या मध्याला शाळा उघडते. पहिल्या आठवड्यात बहुतेकांचे रडणेच चालते, पण त्यातही शिक्षण असते. घरी ज्याला 'बाळ्या' म्हणतात त्याला हजेरीत आपले पूर्ण नाव ऐकून 'हजर' म्हणायचे असते. शू लागली तर सांगायची असते, नळापाशी रांगेत उभे राहायचे असते, शेजारच्या मुलाची पेन्सिल आपली नव्हे हे समजायचे असते. आपण म्हणतो, यात काय आहे? चाळीस अनोळखी मुलांत बसून एका अनोळखी बाईवर विश्वास टाकणे ही सहा वर्षांच्या जिवाला सोपी गोष्ट नव्हे.

दुसरा-तिसरा आठवडा बोलण्याचा. आपल्या मुंबई महापालिकेच्या प्राथमिक शाळा मराठी, हिंदी, उर्दू, इंग्रजी, गुजराती, तमिळ, तेलुगू आणि कन्नड अशा आठ माध्यमांत चालतात, ही अभिमानाची गोष्ट आहे. पण नुसत्या मराठी शाळेच्या एका वर्गात तरी मराठी एकच असते काय? कोणी विदर्भाकडचा, कोणी मराठवाड्याचा, कोणी रत्नागिरीचा; कोणाच्या घरी बंजारा बोली तर कोणाच्या घरी हिंदी. एक म्हणतो 'काऊन', दुसरा म्हणतो 'कशापायी', तिसरा 'कित्याक'. या आठवड्यांत मुलांनी नुसते बोलायचे असते. चित्र पाहून सांगायचे, गोष्ट ऐकून पुढे काय झाले ते सांगायचे. घरच्या बोलीला बाई हसल्या तर ते मूल वर्षभर तोंड मिटते. अशी मिटलेली तोंडे मी पाहिली आहेत.

त्याबरोबरच हात वळत असतो. उभ्या रेघा, आडव्या रेघा, तिरप्या रेघा, अर्धगोल, पूर्ण गोल. मग साधारण चौथ्या आठवड्यापासून अक्षरे येतात. आपल्यापैकी पुष्कळजणी 'अ आ इ ई' नि 'क ख ग घ' या क्रमाने शिकल्या असतील. वर्गात बहुधा तसे करीत नाहीत. ज्यांचे वळण एकमेकांशी जुळते ती अक्षरे एकत्र देतात. 'ग म भ न' हे आपण सहज म्हणतो ना, ते त्यातूनच आले. ग काढता आला की म, भ, न यांचे वळण फारसे दूर राहत नाही. आणि चारच अक्षरांत मूल 'मन', 'मग', 'नभ' असे शब्द वाचू लागते. ज्या दिवशी एखादे मूल न सांगता आपणहून पहिला शब्द वाचते, त्या दिवशी त्याचा चेहरा पाहावा!

पुढच्या आठवड्यात आणखी चार अक्षरे, त्यापुढे आणखी चार. मग काना येतो आणि 'मामा', 'नाना', 'नाग' होतात. मग वेलांटी. इथे मुले हटकून अडखळतात, आणि त्याला कारण आहे. 'दिवा' म्हणताना तोंडातून आधी द निघतो आणि मागून इ. पण कागदावर वेलांटी बसते द च्या अलीकडे. कान एक सांगतो, डोळा दुसरे दाखवतो. हे पचायला एक आठवडा पुरत नाही. नंतर उकार, मात्रा, अनुस्वार. आता 'बॅट' आणि 'बॉल' यांचेही स्वर वर्णमालेत धरलेले आहेत. शेवटी जोडाक्षरे. त्यांत 'र' तर बहुरूपीच. 'सूर्य'मध्ये तो डोक्यावर बसतो, 'चक्र'मध्ये पायाशी जातो, 'ट्रक'मध्ये आणखी वेगळा आणि 'सुऱ्या'मध्ये चौथाच!

गणिताचेही तसेच. प्रथम आकडे नसतातच. लहान-मोठे, मागे-पुढे, कमी-जास्त. पाच मुले आणि पाच वाट्या, प्रत्येकाला एक मिळाली की नाही? त्यानंतर १ ते ९. मग शून्य, म्हणजे काहीच नसण्याला खूण, आणि ही मोठी कठीण कल्पना आहे. मग दहाचा गठ्ठा. दहा काड्या मोजून दोऱ्याने बांधल्या की एक दशक झाला, हे ज्या आठवड्यात कळते त्यावर पुढची सारी शाळा उभी असते. हातच्याची बेरीज, उसनवारीची वजाबाकी, पैशाचा हिशेब, सारे त्या एका गठ्ठ्यातून निघते.

आणि आपल्या मराठी आकड्यांची एक गंमत आहे. आपण 'पंचवीस' म्हणतो, त्यात पाच आधी आणि वीस नंतर. लिहिताना मात्र २ आधी आणि ५ नंतर. म्हणून मूल पंचवीस ऐकून ५२ लिहिते. आई डोक्यावर टपली मारते, "एवढं कळत नाही?" अहो, मुलाने कानांनी ऐकले तसेच लिहिले. पुन्हा एकोणतीस म्हणजे तिसाला एक कमी, एकोणनव्वद म्हणजे नव्वदाला एक कमी. पण शंभराला एक कमी म्हटले की 'एकोणशंभर' होत नाही, नव्याण्णव होते! दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात २०१९ साली जुन्या वाचनाच्या जोडीला 'वीस एक' असे सुटसुटीत वाचन दिले, तेव्हा केवढा गदारोळ झाला. विधानसभेपर्यंत ती गोष्ट गाजली. त्या वेळी गणित समितीच्या अध्यक्षा डॉ. मंगला नारळीकर होत्या. संख्यांची नावे मुलांना जड जातात, एवढे तरी त्या वादातून घरोघर कळले. कोणती पद्धत बरी, हे मी आज सांगत नाही. सांगायचे एवढेच की जे आपल्याला सवयीने सोपे वाटते ते मुलाला सोपे नसते.

आता एक हिशेब पाहा. शिक्षणहक्काच्या कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीला वर्षात किमान २०० दिवस शाळा भरली पाहिजे. सहा दिवसांचा आठवडा धरला तर ते तेहेतीस-चौतीस आठवडे झाले. त्यांतले सहा आठवडे गेले तर वर्षाचा जवळजवळ पाचवा हिस्सा गेला. पण हा नुसता दिवसांचा हिशेब झाला. आपल्यापैकी ज्या विणकाम करतात त्यांना ठाऊक आहे, एक टाका गळला आणि तसेच पुढे विणत गेलो तर वरच्या ओळी कितीही घट्ट घाला, खालून उसवत येते. मोठ्या मुलाचा इतिहासाचा एक धडा बुडाला तर दुसरा धडा त्यावाचून अडत नाही. पहिलीतल्या मुलाचा काना बुडाला तर वेलांटी अडते, दशक बुडाला तर शंभर अडतो. मघाशी मी वस्तुस्थिती उलटी आहे म्हटले, ती अशी.

हे शहाणपण मला कोणत्याही पुस्तकाने शिकवले नाही. एका मुलाने शिकवले. त्याची हकीकत सांगते, आणि तीत चूक माझीच आहे हे आधीच कबूल करते.

२००० नंतरच्या दहा वर्षांत मुंबईच्या रेल्वेरुळांकाठची, रस्त्यांकाठची हजारो बिऱ्हाडे शहराच्या वाहतूक प्रकल्पासाठी हलवली गेली. त्यांतली पुष्कळ आपल्या मानखुर्दात लल्लूभाई कंपाउंडमध्ये आली. आज या सभेतही त्या घरांतल्या भगिनी बसल्या आहेत. त्या दिवसांत एक मुलगा माझ्या वर्गात आला. गणपती होऊन गेले होते. मुलगा चुणचुणीत, पण फळ्यावर 'पाणी' लिहिले तर नुसता बघत राही. मी त्याला पुढे बसवला, मागे बसवला, रागावले. एके दिवशी सगळ्यांसमक्ष म्हणाले, "याच्या डोक्यात काही शिरतच नाही." तो रडला नाही. दुसऱ्या दिवसापासून पाटीच आणीनासा झाला.

त्याची आई मला भेटायला आली. तिला स्वतःला अक्षरओळख नव्हती. ती माझ्यावर चिडली नाही. तिने एकच प्रश्न विचारला, "बाई, त्याला येतंय काय काय, ते आधी सांगा ना." मला उत्तर देता येईना. काय येत नाही याची यादी माझ्याजवळ तयार होती. काय येते हे मी पाहिलेच नव्हते.

त्या शनिवारी शाळा सुटल्यावर मी त्याला घेऊन बसले. ग म भ न आले. र स ख आले. १ ते ९ आले, मोजताही आले. आणि तिथे एकदम कडा! काना नाही, दशक नाही, त्यापुढचे काही नाही. मग आईशी बोलताना उलगडा झाला. जूनपासून जुलै संपेपर्यंत तो जुन्या शाळेत रोज गेला होता. मग बिऱ्हाड हलले आणि पुढे जुन्या शाळेचा दाखला मिळेपर्यंत तो घरीच होता. सहा आठवडे! त्याच्या डोक्यात सारे शिरत होते. जे कोणी शिकवलेच नव्हते ते मात्र शिरले नव्हते. मूल ढ नव्हते, भगिनींनो. त्याचे आठवडे गळले होते.

ते भरून काढायला आम्हाला दिवाळीच्या पुढेपर्यंत वेळ लागला. अक्षरांचे मी शाळा सुटल्यावर पाहिले. आकड्यांचे त्याच्या आईने पाहिले, हे मला विशेष सांगायचे आहे. ती घरी मणी ओवायचे काम करीत असे. मी तिला वर्गातली गणितमाळ दाखवली; दहा मणी एका रंगाचे, पुढचे दहा दुसऱ्या रंगाचे, असे शंभर. ती म्हणाली, "हे तर आमचंच काम." त्या रात्रीपासून मुलगा तिच्याजवळ बसून दहा-दहा मणी ओवू लागला. दशक त्याला त्याच्या निरक्षर आईने शिकवला. तो मुलगा आज वाशीच्या बाजारात एका गाळ्यावर हिशेबाचे काम करतो. त्याची आई या सभेत बसली आहे. तिचे नाव घेतलेले तिला आवडायचे नाही, म्हणून घेत नाही.

दाखल्यासाठी मूल घरी बसवण्याची आता गरज उरलेली नाही, हे सर्व मातांनी नीट ध्यानात ठेवावे. शिक्षणहक्काचा कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. जुन्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता किंवा लांबवता येत नाही, असे त्यात स्पष्ट लिहिले आहे. उशिरा आलेल्या मुलाला त्याच्या वयाच्या वर्गात बसवून मागे पडलेला अभ्यास करून घेण्याचीही तरतूद आहे. बिऱ्हाड हलले तर भांडी लागायच्या आधी मुलाला शाळेत नेऊन बसवा. भांडी दोन दिवस पोत्यात राहिली तरी चालतील.

मुलाला शाळेपर्यंत येता येत नाही, तर शाळेने मुलापर्यंत जावे, हा विचार काही नवा नाही. १९०७ साली रोम शहरात सान लोरेन्झो नावाच्या गरीब वस्तीतल्या चाळीत डॉ. मारिया मॉन्टेसोरी यांनी मजुरांच्या मुलांसाठी आपले पहिले बालगृह काढले. आईबाप कामावर जात आणि मुले जिन्यांतून हुंदडत; त्यांच्यासाठी त्याच चाळीतली एक खोली घेतली. आपल्याकडे ताराबाई मोडक यांनी ती पद्धत गिजुभाई बधेका यांच्याबरोबर भावनगरला राबवली आणि १९४५ मध्ये तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले. परदेशी महागडी साधने त्यांनी मागवली नाहीत. चिंचोके, शंख-शिंपले, पाने-फुले हीच त्यांची साधने. मुले केंद्रात येईनात तेव्हा त्या आणि अनुताई वाघ वस्तीतल्या अंगणात जाऊन बसल्या. आज गल्लीगल्लीत जी 'अंगणवाडी' दिसते, तिचे नाव आणि कल्पना या अंगणातली आहे.

पुढे १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांसाठी काम सुरू झाले. तिथे त्यांना आढळले की मोठी मुलगी शाळेत येत नाही, कारण तिच्या कडेवर धाकटे भावंड असते. तेव्हा त्यांनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली आणि तिला विकासवाडी म्हटले. धाकटे पाळणाघरात, मधले बालवाडीत, थोरली वर्गात. किती साधा उपाय! मुलीला दोष दिला नाही, आईलाही दिला नाही. कडेवरचे मूल उतरवून घेतले. आपल्या मानखुर्दातही कडेवर भावंड घेतलेल्या थोरल्या मुली मला आजही दिसतात. त्यांचे आठवडे कोण मोजते?

आणि करोनाच्या वेळचे तर आपण सर्वांनी सोसले आहे. मार्च २०२० मध्ये मुंबईच्या शाळा बंद झाल्या, त्या पहिली ते सातवीसाठी १५ डिसेंबर २०२१ रोजी उघडल्या. त्या काळी जी मुले पहिलीत होती त्यांनी पहिलीचा वर्ग डोळ्यांनी पाहिला नाही. घरात एक मोबाईल, तो वडिलांबरोबर कामावर गेलेला. त्या मुलांना कोणी मठ्ठ म्हणू लागले तर त्याला माझ्याकडे पाठवा. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये 'निपुण भारत' योजना काढली; २०२६-२७ पर्यंत तिसरी संपताना प्रत्येक मुलाला समजून वाचता यावे आणि साधे हिशेब यावेत असे तिचे उद्दिष्ट ठेवले. उद्दिष्ट चांगले आहे. पण ते दिल्लीत बसून पुरे होणार नाही. ते घरात आणि वर्गात, आठवड्याआठवड्यानेच पुरे व्हायचे.

मग आपण काय करावे? मी फार मोठे काही सांगत नाही.

मूल घरी आले की "आज काय केलंस?" असे मोघम विचारू नये. त्यावर "काही नाही" हेच उत्तर येते. "आज बाईंनी कोणतं अक्षर दिलं? मला काढून दाखव," असे विचारावे. आपल्याला अक्षर येत नसले तरी बिघडत नाही. उलट मुलाला आईला शिकवल्याचा आनंद होतो. लसूण सोलताना पाकळ्या, भाजी निवडताना शेंगा दहा-दहा करून मोजायला लावाव्यात. मुलाने चूक केली तर त्याने तसे का केले हे आधी पाहावे. ५२ का लिहिले ते आता आपल्याला कळले आहे. गावी जायचे झाले तर शक्यतो दिवाळीची वा मेची सुट्टी पाहावी, अडचणीने मधेच जावे लागले तर परत आल्याबरोबर बाईंना विचारावे, "काय काय झालं?" आणि शाळेत कमी पडते असे मूल दिसले, मग ते आपले असो की शेजारचे, तर प्रथम त्याचे आठवडे मोजावेत, अक्कल मागाहून.

शेवटी मंडळाला एक विनंती. आपल्या मंडळाच्या दारात फळा आहे. त्यावर भिशीची तारीख लागते, हळदीकुंकवाची सूचना लागते. त्याच्या एका कोपऱ्यात दर शनिवारी चार ओळी लिहाव्यात: या आठवड्यात पहिलीला कोणती अक्षरे झाली, कोणते आकडे झाले. शाळेतून विचारून आणण्याचे काम मी करीन. पाय चालतात तोवर करीन. ज्या घरचे मूल आठवडाभर गेले नाही त्या घरच्या आईने तो फळा पाहावा. जिला वाचता येत नाही तिला शेजारणीने वाचून दाखवावा. आणि दुपारचे दोन तास मंडळाच्या खोलीत कोणी दोघींनी आळीपाळीने लहान मुले सांभाळली, तर दोन-चार थोरल्या मुली तरी वर्गात जाऊन बसतील. कोसबाडच्या टेकडीवर जे जमले ते मानखुर्दात का जमू नये?

त्या माउलीने मला विचारलेला प्रश्न मी पुढे दर वर्षी जूनमध्ये नव्या हजेरीपटाच्या पहिल्या पानावर लिहून ठेवीत असे: 'याला काय काय येते?' माझी हजेरीपटाची वर्षे आता संपली. तो प्रश्न मी आज मंडळाच्या स्वाधीन करते.